माल आधी, वॅगन नंतर : सोलापुरातल्या एका मॉडेल रेल्वेची मालवाहतूक

मॉडेल रेल्वेवर पॅसेंजर गाडी सुटते, दोन-तीन स्थानके घेते आणि पोहोचते. तेवढ्याने ती खरी वाटते. मालगाडीला तेवढे पुरत नाही. तिच्यातली प्रत्येक वॅगन कुणाच्या तरी मालासाठी कुठून तरी निघालेली असते आणि कुठेतरी रिकामी व्हायची असते. हे कारण नसेल, तर हाताने रंगवलेल्या वॅगनची देखणी गाडीसुद्धा खोलीभर नुसती फेऱ्या मारत राहते. ते कारण कागदावर कसे आणायचे, याचा एक प्रयोग सोलापुरात झाला. तो मी पहिल्यापासून पाहिला आणि जमेल तसा हातभार लावला. आपल्या लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, भारतीय मालवाहतूक चालवू पाहणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तो तपशिलाने मांडतो आहे.

लेआउट रेल्वे लाइन्स भागात एका मित्राच्या माडीवर आहे. खोली चौदा फूट बाय दहा, प्रमाण १:८७, म्हणजे एचओ. मुंबईकडचा मार्ग पडद्यामागच्या चार रुळांवरून निघतो. ते चार रूळ म्हणजे दौंड आणि त्यापलीकडचे सगळे जग. मग कोपऱ्यात कुर्डुवाडी, लांब भिंतीला सोलापूर यार्ड आणि शेवटी दुसऱ्या पडद्यामागे होटगी, वाडी, रायचूर. खरा मार्गही याच क्रमाने जातो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडच्या रुळांना जाऊन मिळाली. माडीवरच्या सोलापुरात आठ वॅगन लागतील एवढा मालधक्का आहे, धान्यगोदामाच्या साइडिंगला (बाजूच्या रुळाला) चार वॅगन मावतात, एका कल्पित कापडगिरणीच्या साइडिंगला तीन, आणि लोकोशेडच्या कोळशाला दोन. शंटिंगला, म्हणजे वॅगन काढण्या-जोडण्याला, एक इंजिन. एवढ्याच सामानात पुढचे सगळे घडते.

काळ ठरवण्याचा प्रश्न

मित्राला आधी आजचेच सोलापूर हवे होते. एनटीपीसीचा कोळसा, पाकणीच्या डेपोंचे टँकर, होटगीचे सिमेंट: आजच्या मालगाड्या दिसायला भव्य असतात यात शंका नाही. पण हिशेब मांडला तेव्हा अडचण समोर आली. कोळशाची बॉक्सएन वॅगन कपलरपासून कपलरपर्यंत सुमारे १०.७ मीटर, म्हणजे एचओमध्ये सव्वाबारा सेंटिमीटर. अशा ५८ वॅगनचा रेक, म्हणजे एकाच मालाची अख्खी गाडी, सात मीटरच्या वर जातो, तेवीस फुटांहून जास्त. खोली चौदा फुटांची. पंधरा वॅगनचा छोटा रेक करून भागवता येते आणि पुष्कळ जण तसे करतातही, पण लांबी ही खरी अडचण नव्हेच. रेक एका ठिकाणी भरतो, अख्खा जातो, अख्खा रिकामा होतो. मध्ये कुणी वॅगन काढत नाही, जोडत नाही. १९८० च्या दशकात भारतीय रेल्वेने सुट्या वॅगनची वाहतूक मागे टाकून पूर्ण रेकवर भर दिला आणि त्याबरोबर यार्डातले शंटिंगही आटत गेले. आजची वाहतूक मांडायची तर पद्धतही रेकचीच हवी: एका रेकला एक कार्ड, आणि कोणता रेक कधी कुठे हवा एवढेच ठरवायचे. त्यातही गोडी आहे, मात्र तो कंट्रोल ऑफिसमधला खेळ झाला. मित्राला यार्ड हवे होते.

म्हणून १९७२ चा हिवाळा ते १९७३ चा पावसाळा हा काळ ठरला. चार चाकांच्या बंद वॅगन, एकेकीत साधारण २२ टन माल, एका व्यापाऱ्याची एक वॅगन, दुसऱ्याच्या दोन. रुळांवर वाफेची डब्ल्यूजी इंजिने, जोडीला डिझेल. सोलापूर विभाग तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेत होता. १९६६ मध्ये तिकडे गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेत परतला. त्यामुळे गार्डच्या ब्रेकव्हॅनवर ‘एससी’ (साउथ सेंट्रल) ही अक्षरे आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो दुष्काळ. पिके बुडालेली, गावोगाव खडी फोडण्याची कामे, सुकडी, आणि बाहेरून येणारे धान्य. त्या वर्षीच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाल्लेली माणसे त्या घरात आजही आहेत. दुष्काळ निवडण्यामागे माझ्या मते आणखी एक मोलाचे कारण होते, ते तेव्हा आमच्यापैकी कुणी बोलून दाखवले नव्हते: त्या वर्षी सोलापुरात येणारा माल आणि सोलापुरातून जाणारा माल यांचा मेळ बसत नव्हता. वॅगनची खरी कसरत तिथेच असते.

चार बाजूंची चिठ्ठी

सुरुवात अमेरिकन कार्डपद्धतीने झाली, आणि तसे होणे स्वाभाविक होते. डग स्मिथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत या छंदात सर्वांत जास्त रुजली आहे. प्रत्येक वॅगनचे एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात मालाची चिठ्ठी. चिठ्ठीला चार बाजू, प्रत्येक बाजूवर एक मुक्काम. वॅगन पोहोचली की गाड्या चालवण्याच्या पुढच्या बैठकीआधी चिठ्ठी फिरवायची आणि वॅगनला नवा मुक्काम मिळतो. प्रत्येक साइडिंगपाशी भिंतीवर कार्डांची पेटी. वॅगनच्या टपावर रंगीत टाचण्या ठेवण्याचीही एक पद्धत होती. पण टपावर टाचणी दिसली की गाडी खोटी होते. कार्डात ती अडचण नाही. नवशिक्याला अर्ध्या तासात समजणारी, वर्षानुवर्षे न बिघडणारी ही पद्धत आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

माडीवर ती बिनतक्रार चालली. तरी काही बैठकांनंतर सगळ्यांना काहीतरी खटकू लागले. गिरणीला कोळसा हवा तेव्हा कोळसा हजर. धक्क्यावर कापडाच्या गाठी निघाल्या की वॅगन हजर. एकही वॅगन रिकामी ताटकळत नव्हती, एकही व्यापारी वाट पाहत नव्हता. दुष्काळाचे वर्ष असूनही माडीवर सुबत्ता होती!

मित्राचे काका रेल्वेत ट्रेन्स क्लार्क होते. टीएनसी म्हणून त्यांनी यार्डात रात्र-रात्र फिरून वॅगनचे नंबर उतरवले होते. ते एक संध्याकाळ शांतपणे बघत बसले. मग एका बंद वॅगनवर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘ही कुणी मागितली होती?’ चिठ्ठीत त्याचे उत्तर नव्हते. वॅगन आली होती, कारण चिठ्ठीची तिसरी बाजू वर आली होती.

इथे या प्रकरणाची सगळी गाठ आहे. चार बाजूंच्या चिठ्ठीत वॅगन मुख्य आणि माल तिच्या मागून येतो. अमेरिकेत वॅगन एका ठरावीक कंपनीची असते, रिकामी झाली की ती मालकाच्या दिशेने वळवायची असते, तेव्हा वॅगनला केंद्र धरणे तिथे समजण्यासारखे आहे. (गिऱ्हाईक तिथेही रिकामी वॅगन मागवतेच, आणि चांगले हौशी लोक त्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या ठेवतात. मूळ पद्धतीने सोयीसाठी तो टप्पा आखडता घेतला, इतकेच.) आपल्याकडे ब्रॉडगेजच्या साध्या वॅगन सगळ्या रेल्वेंच्या सामाईक पूलमध्ये होत्या. कुठल्याही रेल्वेची वॅगन कुठेही भरावी. तिला घर नव्हते, तिला फक्त मागणी होती. व्यापारी इंडेंट, म्हणजे वॅगनची लेखी मागणी, देई, नोंदणीची रक्कम भरे, रजिस्टरमध्ये तारीख पडे. मग जुन्या तारखेला आधी वॅगन. त्यातही लष्कराचा माल, सरकारी मदतीचे धान्य यांना वरचा क्रम, आणि बाकीच्यांनी थांबायचे. वॅगन मिळणे हीच त्या काळच्या व्यापाऱ्याची मोठी काळजी होती. ती काळजी माडीवर आणायची तर सुरुवात मागणीपासून करावी लागणार होती.

नवी मांडणी

बदल काकांशी बोलत-बोलत झाला. आता तीन कागद आहेत.

पहिला कागद इंडेंटचा. जाणाऱ्या मालाच्या इंडेंटांचा एक गठ्ठा सोलापूरच्या टेबलावर: कापडाच्या गाठी, चादरी, विड्या, पेंड. येणाऱ्या मालाचा गठ्ठा पडद्यामागच्या माणसाकडे: धान्य, कोळसा, रुई, सिमेंट. प्रत्येक इंडेंटवर माल, किती वॅगन, बंद की उघडी, कुठून कुठे, आणि कोपऱ्यात प्राधान्याचे अक्षर. दर तासाला गठ्ठ्यातून दोन पाने उघडायची. घड्याळ चौपट वेगाने चालते, म्हणजे खोलीतल्या पंधरा मिनिटांत यार्डाचा एक तास. गठ्ठ्यात कोणती पाने किती, यावर ऋतू ठरतो. दुष्काळाच्या गठ्ठ्यात येणारे धान्य भरपूर ठेवले आहे आणि पेंडीची पाने जवळजवळ काढून टाकली आहेत, कारण पीकच नाही तर घाणा कुठून फिरणार.

दुसरा कागद वॅगनचा. त्यावर फक्त नंबर, प्रकार, किती टन, आणि सध्याची अवस्था: रिकामी, भरलेली किंवा सिक (नादुरुस्त). मुक्काम अजिबात नाही. मुक्काम येतो तिसऱ्या कागदावर, लेबलवर, आणि ते लेबल वॅगन भरल्यावरच लिहिले जाते. खऱ्या वॅगनलाही लेबल लागे ते माल भरून, सील लावून झाल्यावरच. इंडेंट मंजूर झाले की कोणती रिकामी वॅगन द्यायची हे यार्डमास्तर ठरवतो. हा निर्णय जुन्या पद्धतीत नव्हताच. आता संध्याकाळचा निम्मा विचार त्यातच जातो.

गाडी निघण्याआधी टीएनसी रुळांच्या कडेने जाऊन नंबर उतरवतो आणि गार्डसाठी व्हीजी लिहितो, म्हणजे गाडीतल्या वॅगनची क्रमवार यादी. एचओ वॅगनवरचे आकडे इवलेसे असतात. टॉर्च लागतो, मागच्या रुळासाठी छोटा आरसा लागतो. नंबरचे शेवटचे तीनच आकडे धरायचे असे ठरले, आणि एकाच शेवटाच्या दोन वॅगन ठेवायच्या नाहीत. व्हीजीतला क्रम आणि गाडीतला क्रम जुळला नाही तर गार्ड गाडी घेत नाही.

मालधक्क्यावर हमालांच्या टोळ्या मर्यादित आहेत, म्हणून तासाला दोनच वॅगन रिकाम्या होतात. ठरल्या वेळेच्या पलीकडे माल वॅगनमध्ये राहिला तर डॅमरेजच्या (विलंबशुल्काच्या) वहीत नोंद. बिल्टीचाही एक नियम काकांनी आग्रहाने घालायला लावला. माल आला, पण आरआर (रेल्वेची पावती, म्हणजेच बिल्टी) अजून टपालात किंवा बँकेत अडकली, हे रोजचे होते. अशा वेळी माल सोडवून नेणारा हुंडेकरी धक्क्यावर नुसता उभा राहायचा. म्हणून मालकाने उतरवायच्या वॅगनसाठी फासा टाकतात. सहा पडले की बिल्टी आलेली नाही आणि वॅगन आणखी एक तास जागा अडवून बसते. एवढ्याशा नियमाने यार्डाचे किती हाल होतात, ते बसून बघावे.

उघड्या वॅगनमधला कोळसा दिसायला हवा, आणि काढताही यायला हवा. फोमच्या काळ्या ढिगाऱ्याखाली पत्र्याचा तुकडा चिकटवला आहे, लोहचुंबकाने तो अलगद उचलता येतो. बंद वॅगनला तो प्रश्नच नाही.

धक्का तुंबला ती संध्याकाळ

नव्या मांडणीची खरी परीक्षा धान्याच्या भरतीला झाली. मुंबईच्या बाजूने लागोपाठ दोन गाड्या आल्या, दोन्हींत मिळून अकरा वॅगन मदतीच्या धान्याच्या. प्राधान्य वरचे, म्हणजे आधी त्यांनाच जागा. यार्डमास्तरच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाने चार वॅगन गोदामाला आणि बाकीच्या सात धक्क्यावर लावल्या. नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर होते. धक्क्यावर त्याआधीच एक सिमेंटची वॅगन उभी होती, तेव्हा आठही जागा भरल्या.

तासाभरात दोन वॅगन रिकाम्या झाल्या, पण त्या आतल्या टोकाला. बाहेरच्या भरलेल्या काढल्याशिवाय त्या निघेनात. बाहेरच्या काढून ठेवायला मोकळा लूप (जोडरूळ) हवा, तर लूपवर गिरणीचा कोळसा. गिरणीची साइडिंग मोकळी होती, पण कोळसा तिथे ढकलायला इंजिन हवे, आणि इंजिन धक्क्याच्या तोंडाशी गुंतलेले. तेवढ्यात वाडीकडून तिसरी गाडी यार्डात यायची परवानगी मागू लागली. तिला स्थानकाबाहेरच्या होम सिग्नलला थांबवले. त्या गाडीच्या मागे पॅसेंजर होती.

काका उठून आले. त्यांनी नवीन काही लावू दिले नाही. आधी कोळसा गिरणीत टाकायला लावला, मग मोकळ्या झालेल्या लूपवर धक्क्याच्या बाहेरच्या भरलेल्या वॅगन काढून ठेवल्या, आतल्या रिकाम्या ओढून थेट मेनलाइनच्या बाजूला उभ्या केल्या, आणि कंट्रोलला फोन करून रिकाम्या वॅगनसाठी गाडीचा मार्ग मागितला. धान्य तासभर मागे पडले. पण यार्ड सुटले.

त्या संध्याकाळनंतर एक गोष्ट बदलली. त्याआधी रिकाम्या वॅगनची गाडी चालवायला कुणी उत्सुक नसे. माल नाही, कौतुक नाही. आता सगळे तिचीच वाट पाहतात. दुष्काळात सोलापूरला बंद वॅगन धान्य घेऊन येतात आणि भरायला परतीचा माल नसतो. गिरणीचे दोन वॅगनचे इंडेंट असते, ते भागते. उरलेल्या सगळ्या वॅगन रिकाम्याच बाहेर जायला हव्यात, नाहीतर उद्याच्या धान्याला जागाच राहत नाही. उलट उघड्या वॅगनची कायम टंचाई, आणि बंद जास्त आहेत म्हणून कोळसा काही त्यांत मागवता येत नाही. वॅगन भरपूर, तरी हवी ती नाही. ही गोष्ट चार बाजूंच्या चिठ्ठीने कितीही बैठकांत दाखवली नसती.

एक हॉट ॲक्सलही (तापलेला आस) त्याच आठवड्यात निघाला. सिकचे पान आले की वॅगन गाडीतून तोडून जवळच्या लूपवर सोडायची. भरलेली असेल तर माल दुसऱ्या वॅगनमध्ये पालटायचा, म्हणजे आणखी एक रिकामी त्यात गेली.

कुर्डुवाडीचा कोपरा

मला या लेआउटमध्ये सगळ्यात आवडतो तो हा कोपरा. कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज येऊन मिळे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी ती सुरू केली, एका आसावर पाच टन हा नियम सगळ्या गाड्यांना सारखा ठेवून. पुढे ती एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर, मिरजपर्यंत गेली. आज तो सगळा मार्ग ब्रॉडगेज आहे. १:८७ मध्ये ७६२ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधले अंतर) पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणून एन या आणखी लहान स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ तिथे चपखल बसतो. गंमत म्हणजे शेजारच्या ब्रॉडगेजचा रूळ त्यामानाने अरुंद आहे: १६७६ मिलिमीटरसाठी सव्वाएकोणीस हवेत, आणि एचओचा तयार रूळ १६.५ चाच मिळतो. नॅरोगेज अचूक आणि ब्रॉडगेज चुकीचे, असा तो कोपरा. तिथे उभे राहिल्यावर ते डोळ्यांना जाणवते, पण तयार चाके आणि पॉइंट वापरायचे तर दुसरा मार्ग नाही.

कामाच्या दृष्टीने मोलाची आहे ती तिथली पालटी, म्हणजे एका गेजच्या वॅगनमधला माल दुसऱ्या गेजच्या वॅगनमध्ये हलवणे. मूळ आराखड्यानुसार चार आसांच्या नॅरोगेज वॅगनचे मालासकट एकूण वजन २० टनांच्या आसपास. स्वतःचे वजन वगळले तर माल त्याहून बराच कमी. शेजारी उभ्या ब्रॉडगेज वॅगनमध्ये २२ टन मावतात. म्हणजे एक ब्रॉडगेज वॅगन भरायला एकापेक्षा जास्त नॅरोगेज वॅगन रित्या कराव्या लागतात, आणि पोती हमालांच्या पाठीवरूनच जातात. माडीवर नियम सोपा ठेवला आहे: दोन नॅरोगेजला एक ब्रॉडगेज, आणि दोन तास. मात्र रिकामी ब्रॉडगेज वॅगन वेळेवर सोलापूरहून आली नाही तर नॅरोगेजच्या वॅगन तिथेच भरलेल्या उभ्या राहतात, आणि मागे बार्शीला इंडेंट साचत जातात. सोलापूर यार्डातला उशीर बार्शीच्या अडतीवर कसा पोहोचतो, ते इथे दिसते. दुष्काळाच्या गठ्ठ्यात प्रवाह उलटा असतो: ब्रॉडगेजवरून आलेले धान्य नॅरोगेजने आत जाते, आणि मग टंचाई नॅरोगेजच्या वॅगनची होते.

काय सोडले, काय राहिले

संगणकाचा विचार झाला होता. जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर वॅगन आणि गाड्यांच्या याद्या उत्तम काढून देते, आणि मोठ्या लेआउटला मी तेच सुचवेन. इथे ते नको ठरले, कारण यादी छापून आली की टीएनसीला काम उरत नाही, आणि या घरात टीएनसीचे काम हाच जीव आहे. पुढे वॅगन शंभराच्या वर गेल्या तर हा निर्णय पुन्हा तपासावा लागेल.

नव्या मुलांना शंटिंग शिकवायला ॲलन राइट यांचे इंगलनुक कोडे वापरतात: पाच, तीन आणि तीन वॅगनचे तीन रूळ, आठ वॅगन, त्यांतल्या पाच ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. असे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. हात बसायला ते फार चांगले. पण धान्याच्या सात वॅगन धक्क्यावर कोणत्या क्रमाने लागल्या याने हमालाला काही फरक पडत नाही. त्याला दार धक्क्यासमोर हवे. म्हणून ते कोडे बैठकीत आणायचे नाही, बैठकीआधी सोडवायचे, असे ठरले आहे.

नव्या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे. पूर्वी दोन माणसांत संध्याकाळ चाले. आता यार्डमास्तर, टीएनसी, इंजिन चालवणारा आणि पडद्यामागचा असे चार जण लागतात, आणि कुर्डुवाडी चालू असेल तर पाच. लिहिण्यात वेळ जातो. गाड्या पूर्वीच्या निम्म्याच धावतात. ज्याला गाडी पळताना बघायची आहे तो इथे रमणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

सध्या चर्चा चालू आहे ती सुट्या मालाची. पूर्ण वॅगन न भरणारा माल, दोन पेट्या इकडे, चार पोती तिकडे, रोडव्हॅनमधून लहान स्थानकांवर उतरवला जाई. मोहोळ आणि माढा ही स्थानके लेआउटवर अजून नाहीत, पण कुर्डुवाडी आणि सोलापूर यांच्यामध्ये भिंतीवर चार फूट जागा रिकामी आहे. रोडव्हॅनला इंडेंट नसतो, म्हणून तिला वेगळा कागद लागेल. काकांनी त्याचा नमुना वहीच्या मागच्या पानावर आखून दिला आहे: स्थानक, नग, वजन, आणि सही.